वरच्या टेकडीचा लोड

ओटमार कुर्बुसने आयुष्यात एकच लबाडी केली होती, आणि ती खांबावर चढवून सगळ्या गावाला ऐकवत होता.

ग्राबोव्नीकच्या वरच्या टेकडीवर ज्याचा द्राक्षमळा, त्याचा खटखट्या असतोच. उंच खांब, त्यावर लाकडी पात्यांचं चाक, चाकाच्या आसाला हातोड्या आणि हातोड्यांखाली चेरीच्या लाकडाची फळी. वारा आला की चाक फिरतं, हातोड्या फळीवर आपटतात आणि भोरड्यांचे, त्या द्राक्षं फस्त करणाऱ्या पाखरांचे, थवे आपली द्राक्षं सोडून शेजाऱ्याची खायला जातात. जुलैच्या शेवटी संत याकोबाच्या दिवशी तो उभा करायचा, नोव्हेंबरात संत मार्टिनच्या दिवशी उतरवायचा. मधले महिने त्याने बोलत राहायचं.

हे खटखटे ओटमार बनवायचा. चार खोऱ्यांतून लोक त्याच्याकडे यायचे, फळीवर बोटाने टकटक करून कान लावायचे आणि आपल्याला काहीतरी कळलंय असा चेहरा करायचे. दरवर्षी याकोबाच्या दिवशी अग्निशमन दलाच्या इमारतीसमोर पहिला खटखट्या तोच उभा करायचा आणि भाषण करायचा. भाषण एका वाक्याचं होतं. "फळी माझी, पण बोलतो तो वारा." लोक टाळ्या वाजवायचे, बायका डोळे पुसायच्या.

त्याच्या स्वतःच्या मळ्यातला खटखट्या मात्र विजेवर चालायचा.

झालं असं होतं, की गुडघ्यांनी दगा दिल्यावर ओटमारने गाई विकल्या. दूध काढायच्या मशीनची मोटर गोठ्यात तशीच पडून राहिली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये वाऱ्याने टेकडीकडे पाठच फिरवली. सगळे खटखटे गप्प. फक्त अगदी वर, माथ्यावर, फेलिक्स झोल्गरचा चालू. दिवसभर टक-टका-टक, टक-टका-टक. अंगावरचा शर्ट भिजून चिकटलाय, झाडाचं पान हलत नाहीये, आणि फेलिक्सचं चाक गरगर फिरतंय. ओटमारला खात्री पटली की फेलिक्सने मोटर बसवली आहे. इतक्या नीच माणसाचा त्याला इतका राग आला, की आठवड्याभरात त्याने स्वतःही तेच केलं.

वायर द्राक्षांच्या ओळीखालून पुरून नेली. मोटर लाकडी पेटीत बसवून पेटी खांबाच्या टोकाशी ठोकली. पेटीला पुढे गोल भोक पाडलं, वर उतरतं छप्पर केलं, लाल रंग दिला. झालं पाखरांचं घरटं. पाखरं हाकलायच्या यंत्रावर पाखरांसाठी घर! ते पाहून कुणीच हसलं नाही, तेव्हा काम बेमालूम झालंय असं ओटमारने ठरवून टाकलं. पुढच्या उन्हाळ्यात टेकडीवर आणखी सात-आठ खांबांवर लाल घरटी दिसली. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बहुतेक सगळ्याच खांबांवर. ओटमारला वाटलं, लोकांना पाखरांचा कळवळा आलाय.

त्यानंतर वारा असो नसो, टेकडी बोलत राहिली. लोक घाम पुसत एकमेकांना म्हणायचे, "आज वारा छान आहे, नाही?"

"छानच आहे."

हे असंच चालू राहिलं असतं. पण ओटमारची मुलगी येर्नेया परत आली.

ती सीमेपलीकडे ग्राझ शहरातल्या एका इस्पितळात कामाला होती. तिथलं सगळं सोडून ती चाळीस शेळ्या घेऊन आली आणि म्हणाली, मी इथे चीज बनवणार. तिची आई हेडविका आनंदाने रडली, मग शेळ्या मोजून पुन्हा रडली. दूध काढायचं मशीन आणि दूध गार ठेवायची टाकी येर्नेयाने आणून ठेवली होती, पण दोन्हींना थ्री फेज वीज लागते. आणि वीज कंपनीने नेमकं याच वर्षी ठरवलं, की वरच्या टेकडीची थ्री फेजची जुनी लाइन काढून टाकायची. खांब कुजले आहेत, शेतीचा वापर नाही, घरातल्या दिव्यांपुरती बारीक वायर पुरे. येर्नेया चाळीस शेळ्यांच्या धारा हाताने काढत होती आणि दोन्ही मनगटांना पट्ट्या बांधून फिरत होती.

"हिवाळ्याच्या शेवटापर्यंत बघते, बाबा," ती म्हणाली. "लाइन राहिली तर राहिले. नाहीतर शेळ्या विकून ग्राझला परत."

ती इतकी वर्षं ग्राझला असताना ओटमार दर रविवारी फोनवर तिला हवामान सांगायचा. दुसरं काही सांगायला त्याला कधी जमलं नव्हतं, आणि आता तर हवामान तिला खिडकीतूनच दिसत होतं.

सप्टेंबरमध्ये कंपनीची इंजिनीअर आली. नेली मारुशिच, समुद्राकडची, तरुण, पायात स्वच्छ बूट. तिचा निकालच शेवटचा होता, म्हणून हेडविकाने तिला जेवायलाच बसवलं. अग्निशमन दलाचा प्रमुख झ्वोन्कोही आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण गिबानित्साचा, त्या चीज भरलेल्या थरांच्या केकचा, वास आला की तो कर्तव्यावर हजर होतो.

"माझं दुखणं काय आहे सांगते, काका," नेली म्हणाली. ताटात कोशिंबिरीचं तेल उरलं होतं, भोपळ्याच्या बियांचं, काळपट हिरवं. तिने पावाचा तुकडा घेतला आणि तेलात रेघ ओढायला लागली. "ही तुमची टेकडी. इथे वीज आली. नुसते बल्ब. मग ही बघा कशी वर चढली. दूध काढायची मशीनं, गवत माळ्यावर फेकायचे पंखे, मका भरडायची यंत्रं. सगळ्या देशातच असं झालं. मग पोरं शहरात गेली, गाई गेल्या." पावाचा तुकडा ताटाच्या काठाकडे घसरला. "आणि इथे जवळपास संपलं."

"संपलं काय! आम्ही आहोत ना!" झ्वोन्को म्हणाला.

"तुम्ही आहात. लोड नाही, म्हणजे विजेचा वापर नाही. पण मग हे काय आहे ते मला कळत नाही." तिने सपाट रेघेवर एक उंच दात काढला. मग दुसरा, आणखी उंच. "दरवर्षी जुलैच्या शेवटी वापर एकदम वर जातो आणि नोव्हेंबरात एकदम खाली. सगळ्या टेकडीचा. कशाचा आहे हा?"

ओटमारने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर सगळी टेकडी टक-टका-टक करत होती.

"गाई," झ्वोन्को म्हणाला.

"कुठे आहेत?"

"लाजाळू आहेत."

"आणि जुलै ते नोव्हेंबर एवढ्याच असतात?"

"हंगामी जात आहे, बाई. तुमच्याकडे समुद्रावर नाही व्हायची."

हेडविकाने झ्वोन्कोच्या ताटात गिबानित्साचा आणखी एक मोठा तुकडा टाकला. त्याचं तोंड बंद करायचा तेवढाच उपाय गावाला माहीत होता.

"माझ्या शेळ्या धरा ना," येर्नेया म्हणाली.

"तुमचं मशीन सुरू झालं की धरीन."

"कनेक्शन मिळालं की सुरू होईल."

"लाइन राहिली की कनेक्शन मिळेल."

"लाइन कशाने राहील?"

"लोड असला की," नेली म्हणाली. हे आपण बोललो याचं तिला जरा वाईटही वाटलेलं दिसलं. "हे बघा, हा दात शेतीचा आहे असं कुणी मला नीट दाखवलं तर मी शेतीत धरते आणि लाइन राहते. नाही दाखवलं तर तो गळती म्हणून जाईल, आणि गळणारी लाइन कंपनी आधी काढते. उद्या मी डीपीवर मोजायचं यंत्र बसवणार आहे. त्यासाठी थोडा वेळ लाइन बंद ठेवावी लागेल."

मग तिने तो पाव खाल्ला. वरच्या टेकडीचा सगळा इतिहास तेलासकट पोटात गेला.

ती गेल्यावर हेडविका ताटं धुवायला लागली. ओटमार टॉवेल घेऊन शेजारी उभा राहिला, आणि तो मदतीला आलाय म्हणजे काहीतरी बिघडलंय हे तिला कळलं.

"हेडविका, तुला एक सांगायचंय. मळ्यातलं ते घरटं आहे ना—"

"मोटरचं?"

ओटमारच्या हातातलं ताट थांबलं. "तुला माहीत होतं?"

"अरे, पानसुद्धा हलत नसताना नवऱ्याचा खटखट्या फिरतो. मी काय समजायचं? देवदूत येतात?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतका खूश होतास. आणि गाई गेल्यापासून मला झोप लागत नव्हती, ती त्या आवाजाने लागायला लागली."

ओटमारने ताट पुसलं, मग पुसलेलंच पुन्हा पुसलं. तिला झोप लागावी म्हणून त्याने काही केलं नव्हतं. त्याला फेलिक्सची जिरवायची होती. पण हे आत्ता सांगायची गरज नव्हती.

अडचण अशी होती. मोटरचा पट्टा चढवलेला असला की चाक मोटरच्या ताब्यात असतं. मोटर बंद झाली की ती चाकाला घट्ट धरून ठेवते, मग वाऱ्याने कितीही ढकललं तरी ते हलत नाही. लाइन बंद झाल्यावर त्याचा खटखट्या भर वाऱ्यातसुद्धा थांबणार आणि सगळं गाव बघणार. आधीच पट्टा काढून मोटर बंद ठेवली तर अब्रू वाचेल, पण मग मोजायला आलेल्या बाईला लोड दिसणार नाही, लाइन जाईल, येर्नेया जाईल. शिवाय तेव्हा ओटमार अजून याच समजात होता, की अख्ख्या टेकडीचा तो भलामोठा दात त्याच्या एकट्याच्या मोटरने उगवलाय.

त्याला वडिलांची आठवण झाली. ही लाइन आली तेव्हा कंपनीने नुसते खांब आणून टाकले होते, खड्डे गावाने खणले. पहिला बल्ब त्यांच्या घरात नाही, गोठ्यात लागला, कारण गाय विणार होती. आजीने त्या उजेडात गाईचा चेहरा पाहिला आणि म्हणाली, बाई गं, ही इतकी दमलेली दिसते होय! त्यानंतर एकेक यंत्र येत गेलं आणि एकेक आवाज वाढत गेला. पंप, पंखा, भरडणी. मग ते सगळे आवाज एकेक करून थांबले. शेवटी उरली ती एक मोटर, काही न काढता, काही न भरडता, नुसती लाकडावर लाकूड आपटत बसलेली.

सकाळी उठून बघतो तर दक्षिणेचा वारा सुटलेला. असा, की झ्वोन्कोची टोपी त्याच्या आधी डीपीजवळ पोचली. लाइनचा निकाल लागणार म्हणून सगळी टेकडी जमली होती. येर्नेया पट्ट्या बांधलेले हात काखेत घालून उभी होती. फेलिक्स झोल्गरही माथ्यावरून उतरला होता. त्याच्याभोवती नेहमीप्रमाणे रिकामी जागा होती.

"बंद करते," नेली म्हणाली, आणि तिने खटका ओढला.

टेकडी थांबली.

एक नाही, दोन नाही, सगळे खटखटे एका क्षणात गप्प झाले. बर्चची झाडं कंबरेतून वाकत होती, वाळत घातलेली चादर दोरीवर आडवी उडत होती, आणि लाल घरट्यांशेजारची चाकं भिंतीवरच्या चित्रातल्यासारखी निश्चल उभी होती. फक्त माथ्यावर एकच चालू होता. टक-टका-टक. फेलिक्सचा.

कुणीही कुणाकडे पाहिलं नाही. प्रत्येकजण स्वतःचे बूट बघत होता. ओटमारने मान वर करून सगळ्या टेकडीवरची घरटी पाहिली, आणि पाखरांच्या कळवळ्याचा खरा अर्थ त्याच्या डोक्यात हळूहळू शिरला.

नेली मात्र डोळे विस्फारून बघत होती. तिने खटका पुन्हा वर केला. सगळे सुरू. खाली ओढला. सगळे बंद.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "या पवनचक्क्या आपल्या लाइनला जोडलेल्या आहेत."

लोक चाकांकडे पहिल्यांदाच पाहिल्यासारखे बघायला लागले.

"अहो, तुम्ही वीज तयार करताय! तो दात वापराचा नव्हताच, उत्पादनाचा होता!" तिचा चेहरा उजळला. "आणि कुणाला सांगितलंही नाही! किती जुन्या पद्धतीच्या! लाकडी!"

झ्वोन्कोने ओटमारला कोपराने ढोसलं. "हो म्हण," तो कुजबुजला. "हो म्हण लेका. अनुदान मिळतं."

गर्दीतून दोघातिघांनी मान डोलावलीसुद्धा. एकजण म्हणाला, "पर्यावरणाची आम्हाला पहिल्यापासून आवड."

"पण मग," नेली म्हणाली, "तुम्हाला या लाइनची गरजच नाही. तुमची तुम्हाला पुरते आहे. हे तर सोपं झालं."

ओटमारने येर्नेयाकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती त्या कुजक्या खांबाकडे बघत होती, आणि तिचा चेहरा ग्राझच्या गाडीत बसलेल्या माणसासारखा झाला होता.

"बाई," ओटमार म्हणाला. "ह्या वीज बनवत नाहीत. खातात."

"कोण?"

"ह्या. पवनचक्क्या. माझी तरी खाते. दूध काढायच्या मशीनची मोटर आहे आत. घरट्यात."

नेलीने वाऱ्याने विस्कटलेले केस तोंडावरून बाजूला केले. "विजेवर चालणारी पवनचक्की?"

"हो."

"कशासाठी?"

"आवाजासाठी."

"आणि वारा असताना?"

"तेव्हाही. एकदा मोटर लागली की वाऱ्याचं काही चालत नाही."

चार खोऱ्यांतले लोक ज्याच्या फळीला कान लावायचे तो माणूस हे सांगत होता. मागे कुणीतरी खाकरलं. मग लोहाराची विधवा टिल्का मावशी पुढे आली आणि तिखटपणे म्हणाली, "माझ्यात गवत फेकायच्या पंख्याची आहे. आमच्या ह्यांनीच ठेवली होती. फेकून देऊ?" त्यामागोमाग मका भरडायच्या यंत्राची निघाली, सफरचंदं चिरडायच्या यंत्राची निघाली. झ्वोन्कोने बराच वेळ टोपी झटकली आणि मग सांगितलं, की त्याच्यात अग्निशमन दलाच्या जुन्या पंपाची मोटर आहे, पण ती फक्त तात्पुरती. एकेका घरातलं थांबलेलं यंत्र खांबावर चढून बसलं होतं.

"आणि ते?" नेलीने माथ्याकडे बोट केलं.

"ते वाऱ्यावर चालतं," फेलिक्स म्हणाला. "मी उंचावर राहतो. तिथे वारा असतो."

इतकी वर्षं हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"आम्हाला वाटायचं तूच मोटर बसवलीस," ओटमार म्हणाला. "म्हणून तर आम्ही."

"मला वाटायचं खाली तुमच्याकडे वारा वाढलाय," फेलिक्स म्हणाला. "मला हेवा वाटायचा. एकदा तर खाली जमीन घ्यायचा विचार केला होता."

नेली बराच वेळ हसली नाही, आणि त्यासाठी तिला कष्ट पडत होते हे दिसत होतं. "पीक राखायला यंत्र, म्हणजे शेतीच झाली," ती म्हणाली. "पण मला एक खरं सांगा. पाखरं घाबरतात का याला?"

झ्वोन्को "वा, म्हणजे काय!" असं म्हणायला तोंड उघडणार होता. पण गावाने फेलिक्सकडे पाहिलं. खरं सांगायचा अधिकार त्या क्षणी त्याच्या एकट्याकडे होता.

"भोरड्या फळीवर बसून द्राक्षं खातात," फेलिक्स म्हणाला. "पण आवाज बंद पडला की त्यांना कळतं, हा मळा सोडलेला आहे. मग त्या सगळ्या नातेवाइकांना घेऊन येतात. खालच्या खोऱ्यात मी पाहिलंय. आधी आवाज गेला, मग वेली गेल्या."

नेलीने डीपीचं झाकण लावलं. "शेती," ती म्हणाली. "पण एक अट आहे. शेळ्यांचं मशीन जोडलं जाईपर्यंत हा लोड खाली येता कामा नये. मध्येच शून्य झाला तर वरून कुणीतरी दुसरं येईल, आणि ते जेवायला थांबणार नाही."

"पण संत मार्टिनला खटखटे उतरवतात," टिल्का मावशी म्हणाली.

"या वर्षी नाही."

तर त्या वर्षी ग्राबोव्नीकच्या वरच्या टेकडीचे खटखटे हिवाळाभर चालले. मळ्यात एक द्राक्ष नाही, भोरड्या आफ्रिकेच्या वाटेवर, आणि बर्फात उघड्या वेलींवर टक-टका-टक. पाद्रीबाबांनी नाताळच्या प्रवचनात आवाज चढवला आणि खटखट्यांनी चढवलाच नाही, म्हणून पाद्रीबाबाच जिंकले. शेजारच्या गावाने ग्राबोव्नीकला वेड लागल्याचं जाहीर केलं. ओटमार रोज शिडीने चढून आसावरचा बर्फ झाडायचा. लोक रस्त्यात त्याला थांबवून विचारायचे, "काय ओटमार, बोलतोय का वारा?" तो म्हणायचा, "पोटभर." एकदा टिल्का मावशीच्या मोटरने मान टाकली, तेव्हा तीच त्याच्याकडे आली, आणि त्याने मोटर गोठ्यात बसून दुरुस्त करून दिली. नवीन खटखट्याची मागणी मात्र त्या हिवाळ्यात एकही आली नाही.

फेब्रुवारीत जोडणी झाली. येर्नेयाने खटका दाबला, मशीन घरघरलं, आणि पहिली शेळी मागे वळून इतक्या तुच्छतेने बघायला लागली की हेडविका तिला "माफ कर गं" म्हणाली. नळीतून दूध आलं. येर्नेया स्वतःच्या मनगटांकडे बघत उभी राहिली, मग तिने पट्ट्या सोडून खिशात कोंबल्या.

ओटमार मळ्यात गेला, शिडीवर चढला आणि पट्टा काढला. खाली उतरून तो बराच वेळ पट्टा पुसत बसला. मान वर करून बघतो तर फेलिक्स बर्फातून धापा टाकत येत होता.

"आवाज थांबला म्हणून आलो," तो म्हणाला. "तुझं काही बरंवाईट झालं की काय?"

"मशीन लागलं पोरीचं. आता याची गरज नाही. उन्हाळ्यात वाऱ्यावर सोडीन."

फेलिक्सला हे फारसं आवडलेलं दिसलं नाही. त्याने बर्फात काठी रोवली, उपटली, पुन्हा रोवली.

"सगळेच असं करणार?"

"करतील. का रे?"

"तुमच्याकडे खाली वारा कुठे येतो, ओटमार? म्हणजे ऑगस्टमध्ये पुन्हा माझा एकट्याचाच वाजत राहणार. आणि इतकी वर्षं मी वर बसून तुमचे ऐकतोय. एकट्याचा ऐकायला बरं नाही वाटत. अधूनमधून लावत जा. मी कुणाला काही बोलणार नाही."

ओटमार हातातल्या पट्ट्याकडे बघत राहिला. वर चाक मोकळं झालं होतं, पण वारा नव्हता. एक पातं किंचित हललं आणि विचार बदलल्यासारखं जागेवर आलं.

"बाबा!" गोठ्यातून येर्नेयाची हाक आली. "हात रिकामे असतील तर ये लवकर! ही बया टाकीवर चढलीय!"

ओटमारने पट्टा फेलिक्सच्या हातात दिला. "धर जरा," तो म्हणाला, आणि उतारावरून जमेल तितक्या वेगाने खाली निघाला.